दंडाचा तक्ता सभेपुढे नेताना

दंड किती, हा प्रश्न सोसायटीच्या सभेत सगळ्यात आधी निघतो. सोडवायचा मात्र असतो सगळ्यात शेवटी. "पाच हजार लावा, मग बघा कसे सुतासारखे सरळ येतात," असं मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, चार माना डोलतात, ठराव होतो. मग वर्षभरात एकही दंड वसूल होत नाही. जो एखादा लावला जातो तो पहिल्याच पत्रात कोसळतो, कारण नोटीस दिलेली नसते, फोटोवर तारीख नसते, किंवा दंड लावणाऱ्याला तो लावायचा अधिकारच नसतो.

कोणत्या नियमभंगाला किती दंड, असा तक्ता आम्ही दोनदा केला. पहिला एका संध्याकाळी झाला, त्यात एकतीस ओळी होत्या आणि तो टिकला नाही. दुसऱ्याला सात महिने लागले, त्यात अकरा ओळी आहेत आणि तो चालू आहे. खाली लिहिलंय ते दुसऱ्याबद्दल.

सुरुवात स्वतःच्या नोंदणीकृत उपविधींच्या (बायलॉजच्या) पुस्तकापासून करायची. महाराष्ट्रातल्या बहुतेक सहकारी गृहनिर्माण संस्थांनी शासनाचे २०१४ चे आदर्श उपविधी स्वीकारले आहेत, पण काहींकडे अजून जुनीच प्रत नोंदलेली असते. ती बदलून घ्यायचं राहून गेलेलं असतं आणि कमिटी मात्र नव्या पुस्तकावर काम करत असते. म्हणून सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांचा शिक्का असलेली आपली प्रत काढून दंडाचा उपविधी शब्दशः वाचायचा. आदर्श उपविधींत त्याचा सांगाडा असा आहे: कोणत्या भंगाला किती दंड, हे सर्वसाधारण सभा ठरवते. भंग झाला की सेक्रेटरी, कमिटीच्या सांगण्यावरून, सभासदाच्या तो नजरेस आणून देतो. तरीही तेच चालू राहिलं तर कमिटी कारणे दाखवा नोटीस काढते. सभासदाला म्हणणं मांडायची संधी मिळते आणि मग सर्वसाधारण सभा दंड लावते. एका प्रकारच्या भंगासाठी एका आर्थिक वर्षात कमाल ५,००० रुपये.

यातल्या दोन गोष्टी बहुतेक कमिट्यांच्या नजरेतून सुटतात. एक, दंड कमिटी लावत नाही, सभा लावते. चेअरमनने लेटरहेडवर "आपणांस रु. २,००० दंड करण्यात येत आहे" असं लिहिलं की ते पत्र सहकार न्यायालयात पहिल्याच तारखेला अडचणीत येतं. दोन, पहिल्या चुकीला दंड नाहीच. आधी लक्षात आणून द्यायचं आणि तरीही चालू राहिलं तर पुढचं पाऊल. "जागच्या जागी पाचशे" ही वाहतूक पोलिसांची पद्धत झाली, सोसायटीला ती लागू नाही. वॉचमनच्या हातात पावतीपुस्तक देणाऱ्या सोसायट्या आहेत. त्यांनी ते आजच कपाटात ठेवलेलं बरं.

आता तक्त्याकडे. तीन महिने आम्ही काहीही ठरवलं नाही, फक्त एक वही ठेवली. तारीख, वेळ, जागा, काय घडलं, कुणी पाहिलं, कुणाला काय त्रास झाला, एवढेच रकाने. फ्लॅट नंबरचा रकाना मुद्दाम ठेवला नाही. तो ठेवला की वही नियमांची राहत नाही, माणसांची होते. पुढे तक्ता करताना मग जो तो आपल्या नावडत्या शेजाऱ्याकडे बघून रक्कम सुचवायला लागतो.

या वहीचा मोठा उपयोग म्हणजे आपल्याला ज्याचा राग येतो आणि सोसायटीत जे खरंच घडतं, त्यातला फरक कागदावर उतरतो. सभेत सगळ्यात जास्त वेळ खाणारा विषय म्हणजे मुलांचा चेंडू, आणि तीन महिन्यांत त्याच्या नोंदी दोन. दुसऱ्याच्या जागेत लावलेली गाडी, पॅसेजमधलं सामान आणि वरच्या गॅलरीतून खालच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारं कुंड्यांचं पाणी, या तीनच गोष्टींनी वहीची निम्म्याहून जास्त पानं भरली.

मग प्रत्येक नोंदीला उपविधीतला आधार शोधायचा. दंड उपविधीच्या भंगाला आहे, कमिटीच्या नाराजीला नाही. कमिटीच्या परवानगीशिवाय फ्लॅटमध्ये फेरफार, इतरांना उपद्रव, ज्वालाग्राही किंवा धोकादायक वस्तूंचा साठा, नेमून दिलेल्या जागेबाहेर वाहन उभं करणं, फ्लॅटचा मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर, यांना उपविधींत सरळ जागा आहे. पॅसेजमधलं सामान उपद्रवाखाली येतं आणि शिवाय महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ त्याच्या पाठीशी आहे. सुटकेची वाट मोकळी ठेवायची जबाबदारी इमारतीवर असते, त्यामुळे चपलांचं कपाट "एवढंसं" आहे हा बचाव तिथे चालत नाही. ज्या ओळीला आधार सापडला नाही ती आम्ही सरळ खोडली.

खोडलेल्या ओळींबद्दल थोडं सविस्तर, कारण पहिला तक्ता त्यांनीच बुडवला. भाडेकरूंकडे रात्री दहानंतर पाहुणे आले तर दंड, अविवाहितांकडे मित्रमैत्रिणी आल्या तर दंड, अमुक पदार्थ शिजवला तर दंड: यातलं काहीही सोसायटीच्या अखत्यारीत नाही. गोंगाट झाला तर तो कुणाच्याही घरातून येवो, गोंगाटाची ओळ पुरेशी आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये रात्रीची वेळ १० ते ६ अशी ठरलेलीच आहे, निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. तीच वेळ तक्त्यात घेतली की "तुम्ही कोण वेळ ठरवणार" हा वाद उरत नाही.

पाळीव कुत्र्यांची ओळ तर हटकून चुकते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. स्थानिक कायद्यात तरतूद नसेल तर विष्ठा न उचलण्याबद्दल सोसायटीने आपल्या मनाने दंड लावणंही त्या सूचनांना धरून नाही. विनंती करता येते. म्हणून आधी आपल्या महापालिकेचे स्वच्छतेचे उपविधी बघायचे. तिथे मालकाने साफ करण्याची सक्ती असेल तर पालिकेकडे तक्रारीचा रस्ता मोकळा आहे. सोसायटीच्या तक्त्यात ही ओळ नसलेलीच बरी. आवाराच्या कोपऱ्यात कागद, खुरपं आणि झाकणाचा डबा ठेवला की प्रश्न बराचसा सुटतो.

आणि थकबाकी. मेंटेनन्स उशिरा भरला तर "लेट फी पाचशे" अशी ओळ बऱ्याच तक्त्यांत असते. थकबाकीवर सरळव्याज घ्यायची तरतूद वेगळी आहे, सभा ठरवेल त्या दराने आणि २०१४ च्या उपविधींप्रमाणे वर्षाला कमाल २१ टक्के. त्यावर आणखी दंड लावला तर एका गुन्ह्याला दोन शिक्षा होतात. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचंही तसंच. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, म्हणून काही ठिकाणी उरलेला राग "भाडेकरू दंड" अशा नावाने काढतात. तो टिकत नाही.

ओळ लिहायची भाषा हा पुढचा टप्पा, आणि इथे घाई महागात पडते. "पार्किंगमध्ये बेशिस्त वर्तन केल्यास" अशी ओळ म्हणजे भांडणाला निमंत्रण. आमची ओळ अशी झाली: "दुसऱ्या सभासदाला नेमून दिलेल्या जागेत, किंवा वळणाच्या पिवळ्या पट्ट्यावर, त्या सभासदाच्या परवानगीशिवाय सलग ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ वाहन उभे ठेवणे. अपवाद: रुग्णवाहिका, आजारी किंवा वृद्ध व्यक्तीला उतरवणे, सामान हलवण्याची गेटवर नोंद केलेली वेळ." जागा, वेळ आणि अपवाद या तीन गोष्टी ओळीतच हव्यात. अपवाद नंतर तोंडी दिले की त्यांचे कैवारी तयार होतात. ही तीस मिनिटंही चर्चा करून ठरली. पंधरा सुचली होती, पण पाचव्या मजल्यावर सामान पोचवून लिफ्टने खाली येईपर्यंत पंधरा मिनिटं अशीच जातात.

आता रक्कम.

रक्कम ठरवताना तीन गोष्टी मांडल्या: भंगामुळे इतरांचं काय बिघडतं, करणाऱ्याचा काय फायदा होतो आणि तो किती वेळा पकडला जातो. पहिल्या गोष्टीवर सगळ्यांचं लक्ष असतं, दुसरीवर कुणाचंच नाही. पण दंड चालणार की नाही हे दुसरीच ठरवते. पार्किंगचं गणित मांडून बघा. वर्षाची कमाल मर्यादा ५,००० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण ४१७. बाहेर गाडी ठेवायला महिन्याला २,००० रुपये पडत असतील तर दुसरी गाडी दुसऱ्याच्या जागेत लावणाऱ्याला हा दंड म्हणजे स्वस्तातलं भाडं. तो हसत भरेल, आणि वर "मी पैसे भरतो" म्हणून हक्कही सांगेल. म्हणजे इथे रक्कम वाढवून उपयोग नाही, कारण वाढवताच येत नाही. खरा उपाय वाटपात आहे. गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटप करायची तरतूद उपविधीत आहे. ज्याच्या नावावर नियमभंगाचे ठराव आहेत त्याला दुसऱ्या गाडीसाठी जागा देताना शेवटी ठेवायचं, असा वाटपाचा नियम सभेने आधीच केला तर तो दंडापेक्षा जास्त बोचतो. शिवाय २०१० च्या नहालचंद लालूचंद खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, स्टिल्ट (इमारतीखालच्या खांबांमधल्या) आणि ओपन जागा बिल्डरने वेगळ्या विकल्या हा दावा उभा राहत नाही. वाटप सोसायटीच्याच हातात आहे.

चाकाला जामर लावायची सूचना येतेच. आम्ही ती घेतली नाही. रिम ओरखडली तर भरपाई सोसायटीच्या अंगावर येते, आणि रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर त्याची जबाबदारीही.

कमी फायद्याच्या भंगांना छोटी रक्कम पुरते. कुंड्यांच्या पाण्यातून वरच्याला काही मिळत नाही, त्याला फक्त ताटल्या ठेवायचा कंटाळा असतो. तिथे २५० रुपयेही खूप झाले. खरं तर बहुतेक वेळा पहिल्या पत्रानेच ताटल्या येतात.

पुन्हा पुन्हा होणाऱ्या भंगाला चढत्या दंडाची शिडी करताना बेरीज तपासायची. १,०००, मग २,०००, मग ५,००० अशी शिडी ऐकायला छान वाटते. पण त्याच वर्षात तिसऱ्या पायरीला बेरीज ८,००० होते आणि मर्यादा ओलांडली जाते. आमच्या मधल्या गटाची शिडी ५००, १,०००, १,५००, २,००० अशी आहे, बेरीज नेमकी ५,०००. खालच्या, म्हणजे कमी फायद्याच्या भंगांच्या, गटाची २५०, ५००, ७५०, १,०००, बेरीज २,५००. रोजचा दंड लावायचा मोह होतो, तिथेही हेच गणित: दिवसाला १०० रुपये म्हणजे पन्नासाव्या दिवशी मर्यादा संपली, उरलेलं वर्ष मोकळं रान. रोजचा दंड आम्ही फक्त चालू राहणाऱ्या गोष्टींना ठेवला, जसं पॅसेजमध्ये ठेवलेलं कपाट. तोही दिवसाला ५० रुपये, नोटिशीतली मुदत संपल्यापासून. म्हणजे १०० दिवस पुरतो, आणि तेवढ्यात सभा होते.

शिडीवरून खाली उतरायचीही सोय हवी. एकदा दंड झाला आणि पुढे बारा महिने त्याच प्रकारचा भंग नाही, तर पुन्हा पहिल्या पायरीपासून मोजायचं. हे लिहिलं नाही तर तीन वर्षांपूर्वीची चूक आज चौथ्या पायरीला जाऊन बसते. पायरी व्यक्तीची असते, फ्लॅटची नाही: फ्लॅट विकला की नव्या सभासदाची पाटी कोरी.

फेरफारांचा गट मात्र या कोणत्याही शिडीत बसत नाही. बीम किंवा कॉलम फोडणं, गॅलरी आत घेणं, डक्टमध्ये ओटा बांधणं, यांत फायदा लाखांत आणि दंड ५,००० रुपये. इथे दंड घेतला की कमिटीने जणू परवानगीच विकली असा अर्थ निघतो, आणि पुढचा माणूस चेकबुक घेऊनच येतो. म्हणून या ओळीपुढे आम्ही लिहिलं, "दंड भरल्याने काम नियमित होत नाही." काम थांबवायची लेखी सूचना त्याच दिवशी द्यायची, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी करून घ्यायची, महापालिकेला कळवायचं आणि पूर्ववत करण्याचा खर्च वेगळा मागायचा. हा खर्च म्हणजे दंड नव्हे, नुकसानभरपाई, त्याला बिलं आणि फोटो लागतात. फुटलेला लिफ्टचा आरसा, फरशीवरचे सिमेंटचे डाग, राडारोडा उचलायचा टेम्पो, सगळ्याला हेच. दंड आणि भरपाई एकाच आकड्यात मिसळली की सभासद दोन्ही नाकारतो.

पुरावा. यात एक उदाहरण जवळून बघू, कारण नव्वद टक्के घोटाळे इथेच होतात, असं म्हणायचा मोह आवरावा लागतो इतके होतात. तक्रार येते, सोबत फोटो: गाडीचा मागचा भाग, नंबर स्पष्ट, जमीन दिसत नाही. हा फोटो निरुपयोगी. गाडी त्या नंबरची आहे एवढंच त्यातून कळतं, ती कुठे आहे ते नाही. लागतात ते चार फोटो: नंबरप्लेट आणि जमिनीवर रंगवलेला जागेचा क्रमांक एकाच चौकटीत, जवळच्या खांबाचा क्रमांक दिसेल असा थोडा लांबून एक, मग किमान ३० मिनिटांनी हेच दोन पुन्हा. फोनमधला मूळ फोटो ठेवायचा, कारण व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोतली वेळेची माहिती बहुधा गळून पडते. जमिनीवरचे क्रमांक पुसट झाले असतील तर आधी रंग लावायचा, मग दंडाची भाषा. आमचं पहिलं काम हेच होतं: दोन डबे पिवळा रंग आणि एक स्टेन्सिल.

सीसीटीव्हीचा साठा डीव्हीआरच्या क्षमतेप्रमाणे पंधरा-तीस दिवसांत स्वतःवरच लिहिला जातो. तक्रार आली त्याच दिवशी तेवढी क्लिप पेनड्राइव्हवर उतरवून, तारीख टाकून ठेवायची. सुनावणीच्या दिवशी फुटेज शोधायला बसलं की ते हमखास गेलेलं असतं. वॉचमनच्या रजिस्टरमधली नोंद पूरक आहे, पण एकट्या वॉचमनच्या नोंदीवर दंड लावू नये. त्याला रोज त्याच गेटवर त्याच माणसाला सलाम करायचा असतो.

कचऱ्यात वेगळी अडचण. ओला-सुका वेगळा न केल्याबद्दल पालिका दंड करते तो सोसायटीला. तो कुणामुळे झाला हे माहीत नसतं, म्हणून विंगमधल्या सगळ्यांवर वाटून टाकायचा, असा ठराव फार लोकप्रिय आहे. जे घरोघरी तीन डबे ठेवतात तेच यात सगळ्यात जास्त चिडतात, आणि पुढच्या महिन्यात तेही सोडून देतात. माणूस सापडत नसेल तर दंड नाही, एवढं साधं ठेवावं. सफाई कामगाराला दारावरूनच मिसळलेला कचरा न उचलायची मुभा दिली, तर कुणाचा आहे हे आपोआप कळतं.

नोटिसांचा क्रम. आधी तोंडी. सेक्रेटरी किंवा कमिटीतला शेजारचा कुणी घरी जाऊन सांगतो आणि वहीत तारीख टाकतो. "काका, जरा गाडी बघता का" एवढ्यावर मिटत असेल तर लेटरहेड कशाला वाया घालवायचं. मग लेखी सूचना, तिच्यात दंडाचा उल्लेख नाही. मग कारणे दाखवा नोटीस. तिचा मजकूर आम्ही असा ठेवला:

"संस्थेचे सेक्रेटरी यांनी दि. ____ रोजीच्या पत्राने खालील बाब आपल्या निदर्शनास आणली होती. त्यानंतरही दि. ____ रोजी ____ वाजता ____ या ठिकाणी ____ असे आढळले. हा उपविधी क्र. ____ चा भंग आहे. सर्वसाधारण सभेने दि. ____ रोजी मंजूर केलेल्या तक्त्यातील ओळ क्र. ____ प्रमाणे आपणांवर रु. ____ दंड का आकारण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा ही नोटीस मिळाल्यापासून १४ दिवसांत द्यावा. फोटो सोबत जोडले आहेत. आपणांस कमिटीपुढे आणि सभेपुढे प्रत्यक्ष म्हणणे मांडता येईल."

मोकळ्या जागा भरता येत नसतील तर नोटीस काढू नये. ही चाळणी कुठल्याही सल्लागारापेक्षा भरवशाची निघाली. नोटीस हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. घेत नसतील तर स्पीड पोस्ट आणि ईमेल, दोन्ही. व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लॅट नंबरसकट फोटो टाकणं हा नोटिशीचा प्रकार नाही. त्यातून सभासदाची बदनामी होते आणि दंड मिळत नाही, अशी दुहेरी हानी. फ्लॅटमध्ये भाडेकरू राहत असेल तरी नोटीस सभासदालाच, भाडेकरूला प्रत. सोसायटीचं नातं सभासदाशी आहे. त्याने आपल्या लिव्ह अँड लायसन्स करारात दंड भाडेकरूकडून वसूल करायचं कलम घालावं की नाही, हा त्यांचा आपसातला मामला.

सुनावणी ऐकून घ्यायला असते, हे कमिटीला आधी पटायला लागतं. तीन खुर्च्या, दरवाजा बंद, वीस मिनिटं. तक्रारदार त्या वेळी खोलीत नको, त्याचं लेखी पुरेसं. कमिटीतला कुणी तक्रारदार किंवा नातलग असेल तर त्याने बाहेर बसायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. खुलासे ऐकताना बऱ्याच गोष्टी उलट्या निघतात. कुंड्यांचं पाणी म्हणून आलेली एक तक्रार शेवटी एसीच्या ड्रेनच्या सुटलेल्या पाइपाची निघाली, आणि पाइप दोन मजले वरून येत होता. पाणी नेमकं कुठून येतं हे रंग घातलेलं पाणी ओतून दहा मिनिटांत कळतं. हे नोटिशीच्या आधी करायचं होतं.

मग सभा. इथे या सगळ्या पद्धतीची खरी अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा वर्षातून एकदा, ३० सप्टेंबरच्या आत. ऑक्टोबरातल्या भंगाचा दंड पुढच्या सप्टेंबरात लावला तर तो कुणाला आठवतही नाही. म्हणून तक्ता वार्षिक सभेत मंजूर करून घ्यायचा, त्या सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, तक्ता सोबत जोडून. प्रकरणं साठवून विशेष सभेत न्यायची, तिला पूर्ण ५ दिवसांची नोटीस चालते. आम्ही तिमाहीला एक असा बेत आखला होता. प्रत्यक्षात वर्षाला दोन होतात, कारण मधल्या पायऱ्यांवरच बरंच गळून पडतं. गणपूर्ती (कोरम) एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतली कमी असेल ती. नुसत्या दंडाच्या विषयाला वीस माणसं जमत नाहीत. अजेंड्यात पाण्याच्या टाकीचं किंवा लिफ्टचं काहीतरी असावं लागतं.

सभेत प्रत्येक प्रकरणाचा ठराव वेगळा. "यादीप्रमाणे सर्व दंड मंजूर" असा एकगठ्ठा ठराव करू नये. ठरावात उपविधीचा क्रमांक, नोटिशींच्या तारखा, खुलासा आला की नाही, सभासद हजर होता का, त्याने काय सांगितलं, रक्कम, सूचक, अनुमोदक आणि मतांची संख्या. पहिलं प्रकरण शक्यतो कमिटीतल्याच कुणाचं असावं. मुद्दाम तयार करायची गरज पडत नाही, वही प्रामाणिक ठेवली असेल तर ते असतंच. आमच्याकडे ते खजिनदारांच्या स्कूटरचं होतं. त्यांनी सभेत उभं राहून पाचशे कबूल केले, आणि पुढच्या तीन प्रकरणांना प्रत्येकी पाच मिनिटंही लागली नाहीत.

नाराज सभासदाला तीस दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येईल, तो पुढच्या सभेपुढे जाईल, असं आम्ही तक्त्याच्या शेवटी घातलं. त्यानंतरचा रस्ता महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा. तो सभासदाला माहीत असावा, म्हणून ठरावाच्या प्रतीवर तेही छापतो. पाणी तोडणं, लिफ्टचं कार्ड बंद करणं, दारावर पाटी लावणं, कामवाल्या बाईंना गेटवर अडवणं हे रस्ते नाहीत. यातल्या कशानेही दंड वसूल होत नाही, पोलिसांत तक्रार मात्र होते.

वसुली हिशोबात नीट बसवायला लागते. दंड मेंटेनन्सच्या बिलात वेगळी ओळ म्हणून येतो, पण खाली बेरजेत मिसळला की नवा घोळ. समजा सभासदाने दंड अमान्य केला आणि फक्त मेंटेनन्सचे ३,००० भरले. बिलिंग सॉफ्टवेअर आलेला पैसा सगळ्यात जुन्या येण्याकडे लावतं, म्हणजे आधी दंडाचे ५०० वळते होतात आणि मेंटेनन्स ५०० ने कमी पडलेला दिसतो. त्यावर व्याज सुरू होतं, आणि काही महिन्यांनी मेंटेनन्स नियमित भरणारा माणूस थकबाकीदारांच्या यादीत येतो. मग निवडणूक आली की उमेदवारीवरून भांडण. उपाय एवढाच की दंडाचं खातं वेगळं, पावती वेगळी, सॉफ्टवेअरमध्ये आपोआप वळतं करणं त्या खात्यापुरतं बंद, आणि दंडावर व्याज शून्य. दंडाची रक्कम अंदाजपत्रकात उत्पन्न म्हणून धरायची नाही. एकदा धरली की ती गाठायची घाई सुटते.

प्रकरण उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी किंवा न्यायालयात गेलं तर कागद कोणते लागतात, हे आधी ठरवून प्रत्येक प्रकरणाची एक फाईल केली: तक्रार, फोटो, दोन्ही पत्रं, पोच, खुलासा, सुनावणीची टिपणी, ठराव, खात्याचा उतारा. आठ कागद. सातच असतील तर ती फाईल तिकडे जात नाही.

दरवर्षी जुलैमध्ये तक्ता पुन्हा काढून बघतो. ज्या ओळीवर वर्षभरात एकही लेखी सूचना गेली नाही ती काढायची, ज्या ओळीवर तीनहून जास्त लोकांना पत्रं गेली तिथे आधी जागेकडे बघायचं. गेल्या वेळी जिन्यातल्या सायकलींच्या ओळीवर पाच पत्रं होती. तळमजल्यावर मीटररूमच्या मागे आठ सायकलींचा लोखंडी स्टँड बसवला. ओळ तक्त्यात आहे अजून, पण त्यानंतर तिच्यावर पत्र गेलेलं नाही, म्हणजे येत्या जुलैत तीही निघेल.